मूर्तीच्या पुढची खुर्ची

मी काय काम करते हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत पटलं नाही. समजलं होतं, पण पटलं नाही. भाड्यानं विमान देणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी सामान बांधायचे. कंपनीचं ठाणं नागपूरला, पण अमरावतीच्या आणि अकोल्याच्या धावपट्टीवरूनही आमच्या फेऱ्या व्हायच्या. सासूबाई म्हणायच्या, "त्यात बांधा काय लागते? ठिवलं का झालं. इमान काय बैलबंडी हाय काय, खड्ड्यात आदळाले?"

नातेवाइकांचं वेगळंच. लग्नाकार्यात कोणीतरी ओळख करून द्यायचं, "ही आमची सुनंदा, विमानात असते." की समोरची बाई मला वरून खालपर्यंत न्याहाळायची. हवाई सुंदरी म्हणून मी कोणत्याच बाजूनं शोभत नव्हते. मग मी सांगायचे, "मी सामान बांधते." त्यावर ती बाई "असं का," म्हणायची आणि जेवणाच्या पंगतीकडं बघायला लागायची.

तर ते काम काय असतं, ते आधी सांगते.

मोठ्या विमानात तुमची बॅग तुमच्या पायाखाली, विमानाच्या पोटात जाते. आमच्या विमानात माणसं नऊ-दहा बसायची. सामान जास्त असलं की मागच्या खुर्च्या काढायच्या आणि त्या रिकाम्या जागेत ते ठेवायचं. म्हणजे सामान आणि शेवटच्या प्रवाशाचं डोकं यांच्यामध्ये फक्त खुर्चीची पाठ आणि एक जाळी. विमान नीट उडत असेल तोवर या शेजाराचा काही त्रास नसतो. प्रश्न येतो तो विमान अचानक थांबलं तर. विमान थांबतं, पण सामानाला थांब म्हणून कोणी सांगितलेलं नसतं. ते होत्या त्याच वेगानं पुढं निघतं. बांधताना आम्ही असं धरून चालायचो की त्या क्षणी प्रत्येक वस्तू आपल्या वजनाच्या नऊपट जोरानं पुढं ओढ घेणार आहे. दहा किलोची पेटी म्हणजे मग अंगावर कोसळणारा धिप्पाड माणूस. विमान पडून वाचलेला माणूस मागून आलेल्या पेटीनं जायचा, ही गोष्ट आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असते आणि प्रवाशांना कोणी सांगत नाही.

मला हे शिकवलं पिंटो सरांनी. गोव्याचे, शांत बोलणारे. अकोल्याच्या कॉलेजातून फिजिक्स घेऊन बीएस्सी झालेली मुलगी म्हणून मला वाटायचं, यात शिकण्यासारखं काय आहे. जडत्व मी परीक्षेत लिहिलं होतं. सरांनी मला जीपमध्ये आपल्या शेजारी बसवलं, मागच्या सीटवर मधोमध एक कोहळं ठेवलं, आणि मोकळ्या मैदानात जीप सायकलपेक्षा थोड्या जास्त वेगानं नेऊन एकदम ब्रेक मारला. कोहळं आम्हा दोघांच्या मधून गेलं आणि समोर आपटून फुटलं. सरांनी रुमालानं चष्म्यावरच्या बिया पुसल्या आणि म्हणाले, "हे कोहळं होतं. ट्रॅक्टरची बॅटरी असती तर?" उरलेल्या कोहळ्याची कँटीनमध्ये भाजी झाली. मला ती गेली नाही.

नंतर त्यांनी पट्टे, जाळ्या, विमानाच्या तळाला असलेल्या कड्या, सगळं हाताला धरून शिकवलं. जड वस्तू खाली आणि पुढं. तळावर भार एका ठिकाणी येऊ नये म्हणून खाली फळी. पट्टा वस्तूच्या पुढून घ्यायचा आणि मागच्या कड्यांना अडकवायचा, कारण ती पळणार आहे पुढच्या बाजूला. पट्ट्याला पीळ नको, धारदार कड लागू द्यायची नाही. दाराची वाट कशानंही अडवायची नाही. आणि एक नियम त्यांचा स्वतःचा होता: ज्यानं सामान बांधलं तो त्या फेरीत सोबत जात असेल, तर त्यानं सामानाच्या अगदी पुढच्या खुर्चीत बसायचं. कोणत्याच पुस्तकात हा नियम नाही. पण त्या खुर्चीत बसायचं आहे हे माहीत असलं की हात आपोआप नीट चालतात.

गिऱ्हाइकं मात्र बांधायला सहजासहजी तयार व्हायची नाहीत. वरूडचे एक संत्र्याचे व्यापारी होते. दक्षिणेतल्या एका खरेदीदाराला दाखवायला ते निवडक संत्र्यांच्या पेट्या घेऊन निघाले होते. मी पट्टा काढला तसे ते पेट्यांपुढं आडवे उभे राहिले. "मॅडम, माल दबते. एक डाग पडला का तो मानूस नाक मुरडते." मी पेट्यांवर फळ्या टाकल्या, म्हणजे पट्ट्याचा दाब लाकडावर आला, फळावर नाही. तरी त्यांची खात्री पटली नाही. सगळा प्रवास ते मान मागं वळवून पेट्यांकडं बघत होते. उतरल्यावर त्यांनी एक पेटी उघडली, चार संत्री दाबून पाहिली आणि म्हणाले, "माल शाबूत हाय. माही मान आखडली."

तेल्हाऱ्याचे एक कापसाच्या जिनिंगचे मालक वडिलांच्या अस्थी घेऊन प्रयागला निघाले होते. तांब्याचा कलश त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. मी म्हटलं, भाऊ, हा हातात ठेवता येणार नाही. ते हळूच म्हणाले, "मी बापाले दोरीनं बांधू काय?" अशा वेळी नऊपट वगैरे बोलायचं नसतं. मी म्हटलं, "दोरीनं कशाला? त्यांना तुमच्या शेजारची खुर्ची देऊ. सगळे प्रवासी बसतात तसे तेही पट्टा लावून बसतील." खांद्यावरची शाल काढून त्यांनी ती कलशाभोवती गुंडाळली. मी कलश लाकडी चौकटीत बसवला, चौकट खुर्चीला जखडली, वरून प्रवाशाचा पट्टा ओढला. काम झालं असं समजून मी वळले, तर ते म्हणाले, "खिडकीजवय नाही बसवता येनार? त्याइनं आपलं वावर कधी वरून पाह्यलं नव्हतं." मी सगळं सोडलं आणि खिडकीजवळ पुन्हा बांधलं.

अशा गोष्टी पुष्कळ आहेत. पण या कामात एक गंमत आहे. तुम्ही वर्षानुवर्षं बांधता, आणि आपण बांधलेलं टिकलं असतं की नाही हे तुम्हाला कधीच कळत नाही. विमान अलगद उतरतं, तुम्ही पट्टे सोडता, घडी करून ठेवता. न कळणं हेच चांगलं. माझ्या नोकरीत ते एकदाच कळलं.

अनुसयाबाई खंडारे म्हणून अकोल्याजवळच्या एका खेड्यातल्या आजी होत्या. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या वावरात निंदण-वेचणी केली आणि एकुलत्या एका मुलाला, प्रकाशला, शिकवलं. प्रकाश परदेशात जहाजं बांधण्याच्या कारखान्यात इंजिनीअर झाला. तिथल्या एका विहारानं त्याच्या गावच्या विहाराला पंचधातूची बुद्धमूर्ती भेट दिली. ती गयेपर्यंत आली होती. प्रकाशच्या मनात आलं, आईनं कधी विमान पाहिलं नाही, तर ही मूर्ती आईनंच विमानातून गावी आणावी. तो स्वतः आणि गावच्या विहाराचे वयोवृद्ध भंतेही सोबत होते. मूर्ती जड म्हणून कंपनीनं मला विमानाबरोबर गयेला पाठवलं. दिवाळी जवळ आली होती.

मूर्ती पाहिली आणि मी आधी बूट काढले. मीही बौद्ध घरातली. घरी लहानपणापासून बुद्धाची तसबीर, पण एवढी देखणी मूर्ती इतक्या जवळून पाहिली नव्हती. मांडी घालून बसलेली, डोळे मिटलेले, उंचीला माझ्या कमरेपर्यंत, आणि वजनाला दोन माणसांइतकी. ती ज्या लाकडी खोक्यातून आली होती ते वंदनेसाठी उघडलं होतं, आणि आता आजी त्याला पुन्हा खिळे ठोकू देत नव्हत्या.

"बुद्धाले काय पेटीत कोंबून नेता?" त्या म्हणाल्या. "मी मांडीजवय घेऊन बसतो त्याले."

आजी स्वतःबद्दल बोलताना 'बसतो, जातो' म्हणायच्या, आमच्याकडच्या बऱ्याच जुन्या बायका म्हणतात तसं. मी त्यांना सांगितलं की मूर्ती मागं राहील, आणि आडवी राहील.

"आडवी?"

"पाठीवर. बैठक पुढच्या बाजूला, डोकं मागं."

आजींनी प्रकाशकडं पाहिलं. प्रकाश इंजिनीअर, त्याला मी काय म्हणते ते कळत होतं. पण आईपुढं त्याचं काही चालत नव्हतं. तो म्हणाला, "मा, ताई सांगून राह्यल्या ते बरोबर हाय."

"तू चूप राह्य," आजी म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "तू कोनाची व पोरी?"

मी माहेरचं आडनाव सांगितलं, तायडे.

"मंग आपलीच हाय ना तू. आपलीच असून त्याच्या अंगावरून पट्टे घालतं? त्याले पाडून ठिवतं? लोकं काय म्हनतीन?"

मूर्ती बसलेली ठेवली असती तर तिचा सगळा भार उंचावर आला असता, आणि पुढं झेपावली असती तर गळ्याभोवतीच्या पट्ट्याशिवाय तिला धरायला काही नव्हतं. तिच्या पुढं चार माणसं बसणार होती, त्यात आजीही होत्या. पण हे त्या क्षणी तोंडातून निघेना, कारण आजी म्हणत होत्या त्यातलं थोडं मलाही वाटत होतं.

भंते विमानाच्या सावलीत बसून सगळं ऐकत होते. ते म्हणाले, "अनुसयाबाई, तथागत गावोगाव पायी फिरायचे. थकले की तेही पहुडायचे. आजच्या दिवस पहुडू द्या त्यांना."

आजींना पटलं नव्हतं, पण भंतेंपुढं वाद घालायचा नसतो. त्यांनी आपल्या पिशवीतून एक वाकळ काढली, जुन्या लुगड्यांची, स्वतः शिवलेली. "ही घाल त्याच्या आंगाखाली. लोखंडावर नोको ठेवू."

मी तळावर फळी टाकली, तिच्यावर वाकळ, वाकळीवर मूर्ती. तिची रुंद बैठक पुढं आली आणि तीच माझ्या उपयोगाची होती. रुंद पट्टे बैठकीच्या पुढून घेतले आणि दोन्ही बाजूंनी मागच्या कड्यांना ताणले. दोन पट्टे वरून, कमरेशी आणि मांडीशी. चेहऱ्यावर एकही नाही. सगळ्यावर जाळी. बांधताना मी मनात त्रिसरण म्हणत होते की कड्या मोजत होते, आता आठवत नाही. दोन्ही असेल.

मग मी मूर्तीच्या पुढच्या खुर्चीत बसले. माझ्यापुढं आजी आणि भंते, त्यांच्यापुढं प्रकाश, आणि सगळ्यात पुढं कॅप्टन नायर व त्यांच्या शेजारी सहवैमानिक. आमच्या विमानात वैमानिक आणि प्रवासी यांच्यामध्ये दार नसे.

नागपूरला तेल भरून आम्ही पुन्हा निघालो. आजींची भीड आता चेपली होती. खिडकीतून खाली बघून त्या भंतेंना सांगत होत्या, "कापूस कसा फुटला पाहा. वरून कोनी चुन्नं फेकल्यावानी दिसते." अमरावती मागं पडली. अकोला दिसायला थोडा अवकाश होता. तेव्हा आवाज बंद झाला.

विमानात बसलेल्याला इंजिनाचा आवाज ऐकूच येत नाही इतका तो सवयीचा होतो. तो थांबला आणि नुसत्या वाऱ्याचा आवाज येऊ लागला तेव्हा आजींनी मागं वळून मला विचारलं, "आलं काय अकोला?"

पुढं कॅप्टन नायर आणि सहवैमानिक काहीतरी करत होते, घाई न करता, एकेक. आमच्या विमानाला इंजिन एकच, आणि ते परत सुरू झालं नाही. कॅप्टन मागं न बघता म्हणाले, "सुनंदाताई, शेतात उतरतोय. सगळ्यांना तयार करा."

मी मोठ्यानं सांगितलं: पट्टे घट्ट करा, चष्मे काढा, हातातलं सगळं खाली पायाशी ठेवा, डोकं गुडघ्यांकडं. प्रकाश मोबाईलवर खालचं चित्रण करत होता, त्यानं मोबाईल बुटाखाली दाबला. भंतेंनी डोळे मिटले. आजींना मी खांद्यावर हात ठेवून वाकवलं. त्यांनी पदराखाली पानाचा स्टीलचा डबा धरला होता, तो मला दिसला नाही.

मग माझ्यापुरतं काही करायचं उरलं नाही. मी वाकले. खरं सांगायचं तर त्या वेळी मला बुद्ध आठवला नाही. आठवलं ते वजन. माझ्या पाठीमागं हातभर अंतरावर ते होतं. मनातल्या मनात मी प्रत्येक पट्ट्यावरून हात फिरवत गेले. डावीकडचा पुढचा, उजवीकडचा पुढचा, कमरेचा, मांडीचा. सगळे जागेवर होते. तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

कॅप्टननी उभ्या कपाशीच्या मधला, सोयाबीन निघालेला मोकळा तुकडा निवडला होता. चाकं टेकली, उसळली, परत टेकली. आमची काळी माती ज्याला ठाऊक आहे त्याला पुढचं सांगायला नको. वरची खपली वाळलेली, खाली परतीच्या पावसाची ओल तशीच. पुढचं चाक रुतलं, मोडलं, आणि विमानानं नाक जमिनीत खुपसलं.

पट्ट्यानं माझे खांदे कापले जाताहेत असं वाटलं. पाठीमागं धातू कर्रकन वाजला, लांबलचक, दात खाल्ल्यासारखा. माझी मान आखडली. मी वाट बघत होते. मग तो आवाज थांबला. काहीच आलं नाही.

"बाहेर," कॅप्टन म्हणाले. "लवकर बाहेर."

मी मागं वळले. बुद्ध वाकळीवर तसाच होता, डोळे मिटून. चार बोटं पुढं सरकला होता, तेवढंच. दाराची वाट मोकळी होती. मी दार उघडलं, भंतेंना आधार देऊन उतरवलं, मग आजींना हात दिला. त्या उतरेनात. तेलाचा वास येत होता आणि त्या मूर्तीकडं बघत उभ्या होत्या. वाकून त्यांनी बैठकीला हात लावला, तो कपाळाला लावला, आणि मगच खाली उतरल्या.

कपाशीतून वाट काढत एक मध्यम वयाचा शेतकरी पळत आला. गावंडे त्यांचं नाव, वावर त्यांचंच. धापा टाकत त्यांनी आधी विचारलं, "कोनाले लागलं काय?" मग विमानाकडं बघून, "पेट घेईन काय हे?" आम्ही सगळेच दूर जाऊन धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, बाभळीखाली बसलो. विमान पेटलं नाही. गावंडेंनी बोअरचं पाणी आणलं. पाणी पिऊन झाल्यावर कोणाला काय लागलं याची चौकशी झाली. भंतेंच्या गळ्याचं हाड पट्ट्यानं दुखावलं होतं. प्रकाशच्या गुडघ्याला खरचटलं होतं. कॅप्टन नायर डाव्या हातानं उजवा हात धरून बसले होते, त्यांचं एक बोट वाकडं झालं होतं.

सहवैमानिक म्हणाला, "मागून काहीतरी आलं. स्टीलचं."

आजींनी पदर चाचपला. मग उठून त्या कॅप्टनजवळ जाऊन बसल्या. "माह्या डब्यानं तुह्यं बोट मोडलं काय रे बाप्पा?"

कॅप्टन नागपूरला बरीच वर्षं राहिलेले, त्यांना सगळं समजायचं. ते हसले. "आजी, डबा छोटा होता म्हणून बोटावर भागलं." एवढं बोलून ते विमानाच्या मागच्या भागाकडं बघत राहिले.

आजी माझ्याजवळ सरकल्या. "पोरी, डबा पावशेराचा. असाच जर तो आला असता..."

"आला नाही ना, आजी," मी म्हटलं. त्यांनी माझा हात धरला आणि मग मात्र मला रडू आलं.

दवाखाना, पोलीस, पंचनामा हे सगळं ओघानं झालं. अशा वेळी तपासणारे अधिकारी येऊन परवानगी देईपर्यंत विमानातली कोणतीच वस्तू हलवायची नसते. म्हणजे मूर्ती तिथंच, गावंडेंच्या वावरात, माझ्या पट्ट्यांत बांधलेली. ही बातमी आसपासच्या गावांत पोचायला वेळ लागला नाही. पोलिसांनी विमानाभोवती दोर बांधला होता; दुसऱ्या दिवशी सकाळपासून लोक त्या दोराशी येऊन उभे राहू लागले. बौद्ध वस्तीतल्या बाया पांढरी लुगडी नेसून आल्या. गावातली इतर मंडळीही आली, कोणी झेंडूची फुलं घेऊन, कोणी पोराला विमान दाखवायला. उघड्या दारातून मूर्तीची बैठक आणि गुडघा तेवढा दिसायचा. हात गळ्यात बांधलेले भंते बाभळीखाली बाजेवर बसून वंदना सांगत होते आणि धुऱ्यावर बसलेले लोक त्यांच्यामागं म्हणत होते. आजी दवाखान्यातून थेट तिथंच आल्या होत्या.

गावंडेंच्या बायकोनं किती जणांना चहा पाजला कोण जाणे. मी गावंडेंना म्हटलं, तुमचं वावर तुडवलं गेलं. ते म्हणाले, "हरभरा पेरा लागते मले, त्याचा खोळंबा झाला, हे खरं हाय. पन राहू द्या. बुद्ध काय रोज रोज येते कोनाच्या वावरात?"

तपासणारे साहेब आले. त्यांनी इंजिन पाहिलं, चाकं पाहिली, मग मागं गेले. एक कडी तिच्या पट्टीसकट वाकली होती. पुढच्या एका पट्ट्याचे धागे काठाला तुटून पिंजल्यासारखे झाले होते. त्यांनी फोटो काढले आणि विचारलं, "कोणी बांधलं?" मी पुढं झाले. त्यांनी कसं बांधलं ते सविस्तर विचारलं, लिहून घेतलं, वाकडी कडी आणि तो पट्टा सोबत नेला. पुढं इंजिनातला एक भाग निकामी झाल्याचं निघालं, आमच्या कोणाच्या हातात नव्हतं असं.

त्या संध्याकाळी मी पिंटो सरांना फोन केला. ते निवृत्त होऊन गोव्याला राहत होते. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारलं, "पुढच्या खुर्चीत कोण होतं?"

"मीच."

"हं," ते म्हणाले, आणि जेवलीस का, विचारू लागले.

परवानगी मिळाली तेव्हा मूर्ती गावी न्यायला गाडी शोधावी लागली नाही. गावंडेंनी आपला ट्रॅक्टर काढला. ट्रॉलीत सोयाबीनचं कुटार, मळणीचा भुसा, पसरलं, गादीसारखं जाड. दोन्ही वस्त्यांतली माणसं हाताला हात लावून मूर्ती बाहेर काढायला आली. मी एकेक पट्टा सोडला. वाकळीवर बैठकीचा ठसा उमटला होता. गावात ती बसलेलीच न्यायची असं ठरलं, म्हणून ट्रॉलीच्या मधोमध कुटारात बैठक रोवली आणि चारी बाजूंनी पट्टे ताणले. मागच्या बाजूला एक पट्टा कमी पडला, तिथं गावंडेंचा बैलाचा नाडा, म्हणजे जाड दोर, वापरला.

प्रकाश आईला म्हणाला, "मा, तू मोटारीत बस." आजी ऐकल्याच नाहीत. दोन बायांच्या आधारानं त्या ट्रॉलीत चढल्या आणि मूर्तीजवळ कुटारात ऐसपैस बसल्या. मी खाली उतरले होते. गावंडेंनी ट्रॅक्टर चालू केला.

"थांब रे," आजी म्हणाल्या. त्या गुडघ्यांवर उठल्या आणि मूर्तीभोवती सरकत त्यांनी प्रत्येक पट्टा मुठीत धरून ओढून पाहिला. पहिला, दुसरा, नाडा. डावीकडच्या पट्ट्याशी त्या थांबल्या.

"सुनंदा, इकडं ये. हे ढिलं वाटते."

ते ढिलं नव्हतं. मी परत वर चढले आणि पट्टा ताणायचा दांडा आणखी एकदा ओढला. "आता?"

त्यांनी पुन्हा मूठ आवळून ओढ दिली. "हव," त्या म्हणाल्या, आणि गावंडेंना हात केला. "आता चालू दे."